खरं बोलायचं आणि माणूसही राखायचा: ख्रिस्ती मंडळीत नव्याने आलेल्यांसाठी

कोल्हापूरच्या माणसाला आपल्या बोलण्याचा अभिमान असतो. "आमचं काय ते तोंडावर, मागं एक पुढं एक नाही," हे वाक्य शिवाजी पेठेतल्या कट्ट्यावर ऐकू येतं, तसं उपासना सुटल्यावर चर्चच्या आवारातही ऐकू येतं. गंमत अशी की ज्याच्या तोंडावर बोलायला हवं, तो माणूस हे वाक्य उच्चारलं जाताना बहुधा तिथं नसतोच.

नव्या माणसाला दोन-चार महिन्यांत दोन्ही तऱ्हा दिसतात. कुणीतरी पाळकसाहेबांना भर सभेत फाडकन बोलतो आणि वर "खरं ते खरं" म्हणून बसतो. दुसरीकडे एखादी गोष्ट सगळ्या मंडळीला ठाऊक असते, फक्त ती ज्याच्याबद्दल आहे त्याला कुणी सांगत नाही. पहिल्याला आपण सत्यनिष्ठा म्हणतो, दुसऱ्याला प्रेमळपणा. मला विचाराल तर दोन्हींत बहुतेक वेळा स्वतःची सोय असते. फाडकन बोलणाऱ्याचं मन मोकळं होतं, गप्प बसणाऱ्याचा वाईटपणा वाचतो. त्यानंतर समोरच्याचं काय झालं, हे पाहायला दोघंही थांबत नाहीत.

हे लिहिलंय ते नव्याने आलेल्यांसाठी. बाप्तिस्म्याच्या वर्गात बसणारे, लग्न होऊन दुसऱ्या गावाहून आलेल्या सुना, गोकुळ शिरगाव नाहीतर कागलच्या एमआयडीसीत नोकरीला आलेले, आणि घरात एकटेच विश्वासात आलेले. तुम्हाला इथल्या माणसांत राहायचंय, म्हणून आधी जागा समजून घ्या. १८५२मध्ये रॉयल वाइल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले. वाइल्डर मेमोरियल चर्चला त्यांचंच नाव आहे. तेव्हापासून कित्येक घरं पिढ्यानपिढ्या याच मंडळ्यांत आहेत, आणि सोयरिकीही आपसातच. मंडळीच्या ज्या वडिलांबद्दल (एल्डरांबद्दल) तुम्ही कुरकुर करताय, त्यांची भाची तुमच्याच बाकावर बसलेली असू शकते. इथं एक वाक्य सहा घरं फिरून येतं आणि येताना वजन वाढवून येतं.

पायरी पहिली: आपला कल कुठं आहे ते बघा

प्रकटीकरणाचा दुसरा अध्याय काढा. तिथं दोन मंडळ्यांना लिहिलेली पत्रं जवळजवळ आहेत. इफिसच्या मंडळीनं खोट्या प्रेषितांना पारखून उघडं पाडलं होतं, कष्ट सोसले होते, शिकवणुकीत ती पक्की होती. तरी प्रभू म्हणतो, तू आपली पहिली प्रीती सोडलीस. थुवतीराच्या मंडळीची प्रीती, सेवा, धीर, सगळं वाखाणलंय; पण लोकांना बहकवणाऱ्या एका बाईला तिनं मुकाट चालू दिलं, म्हणून तिच्यावर ठपका आहे. पश्चात्तापाची हाक दोघींनाही आहे. इफिसला तर स्पष्ट बजावलंय, की फिरली नाहीस तर समई तिच्या जागेवरून काढून टाकीन. म्हणजे शिकवण बरोबर असली की प्रीतीची उधारी माफ होते, असं नाही.

तुम्ही यातले कोण? स्वतःला विचारून फारसं कळत नाही, आपण आपल्याला सवलत देतो. नवऱ्याला, बायकोला किंवा जुन्या मित्राला विचारा: "मी चुकीच्या वेळी बोलणाऱ्यांतला की बोलायच्या वेळी गप्प बसणाऱ्यांतला?" उत्तर लगेच आलं तर ते खरं समजा. बोलणाऱ्यांतले असाल तर खालच्या तिसऱ्या पायरीवर जास्त थांबा, गप्प बसणाऱ्यांतले असाल तर चौथीवर.

पायरी दुसरी: हे पाप आहे की आपली नावड?

भजनाला पेटी-तबला हवा की गिटार, टिकली लावावी की नाही, चप्पल बाहेर काढावी की नाही, उपासनेला साडीच हवी का, गल्लीतल्या गणपती मंडळाला वर्गणी द्यावी का. यांवरून आपल्याकडे जितका श्वास खर्च होतो, त्याच्या निम्मा जरी हुंड्यावर झाला असता तर बरं झालं असतं. रोमच्या मंडळीतही असंच होतं. कुणी सगळं खायचा, कुणी फक्त भाजीपाला. कुणी एक दिवस विशेष मानायचा, कुणी सगळे सारखे. प्रेषित पौल रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात कुणाला जिंकवत नाही. दुसऱ्याच्या चाकराचा न्याय करणारा तू कोण, एवढंच विचारतो.

याउलट काही गोष्टी आवडीनिवडीच्या नाहीतच. खोटा हिशोब, घराबाहेरचे संबंध, दारू पिऊन हात उगारणं, हुंडा (त्यावर तर १९६१पासून कायद्यानेच बंदी आहे), आणि जी आपण सगळ्यांत सफाईनं टाळतो ती जात. "मुलगी चांगली आहे हो, पण ते पूर्वीचे कोण?" हा प्रश्न ख्रिस्ती घरांत आजही विचारला जातो. ज्या मंडळीत टिकलीवर प्रवचन होतं आणि या प्रश्नावर होत नाही, तिथं नव्या माणसाचा गोंधळ उडणं साहजिक आहे. तुमचा उडू देऊ नका.

पाप ठरलं तरी एक तपासणी राहतेच. भावाच्या डोळ्यातलं कुसळ आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ, हे आपल्याला पाठ आहे. फक्त प्रभूनं तिथं "कुसळ तसंच राहू दे" म्हटलेलं नाही. आधी मुसळ काढ, मग कुसळ काढायला तुला नीट दिसेल, असं म्हटलंय (मत्तय ७:५). काढायचं तर आहेच.

पायरी तिसरी: ऐकून घ्या, आणि पुरेसं ऐका

समजा तरुणसंघातला एक मुलगा महिनाभर उपासनेला आलेला नाही. "थंड पडलाय," असा निकाल लागतो. जाऊन बसलं तर कळतं, की फाउंड्रीत त्याची रविवारची पाळी लागलीय, कंत्राटावर आहे, नाही म्हटलं तर सोमवारी काम नाही. आता तुमच्याजवळचं "रविवारची उपासना चुकवू नये" हे सत्य खोटं ठरलं नाही. पण ते त्याला तसंच्या तसं सुनावणं आणि "तुझ्याकडं बुधवारी संध्याकाळी प्रार्थना घेऊ का?" विचारणं यात अंतर आहे. ऐकण्याआधी उत्तर देणं हा मूर्खपणा आणि लाज आहे, असं नीतिसूत्रांच्या अठराव्या अध्यायात म्हटलंय. ही ओळ सभेच्या टेबलावर काचेखाली ठेवायला हवी.

सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे तीन मित्र आठवा. ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून होते, एकही शब्द न बोलता. तेवढं त्यांचं सगळं बरोबर होतं. मग त्यांनी तोंड उघडलं. बोलले त्यातली कितीतरी वाक्यं सुटी घेतली तर खरीच वाटतात. देव न्यायी आहे, पापाला शिक्षा होते. आणि शेवटी परमेश्वराचा कोप त्यांच्यावरच भडकतो, कारण जे ते बोलले ते या माणसाला, या दुःखाला लागू नव्हतं.

एक अवघड उदाहरण देतो, कारण ते तुमच्यासमोर येईलच. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, १९५६पासून शिखांना आणि १९९०पासून बौद्धांनाही मिळतो. ख्रिस्ती झाल्यावर तो राहत नाही. म्हणून काही घरांत कागदावर एक आणि उपासनेत एक असतं. यात खरेपणाचा प्रश्न नाही, असं मी म्हणणार नाही. पण "ढोंगी आहेत" हा शेरा मारणारे बहुधा ते असतात, ज्यांच्या आजोबांनी मिशनच्या शाळेत शिकून केव्हाच नोकरी धरली. त्या घराशी कुणाला हे बोलायचं असेल, तर पोराच्या फीचं आणि वसतिगृहाचं काय करायचं, हेही बोलायची तयारी ठेवूनच जावं. ती नसेल तर सध्या गप्प राहावं.

पायरी चौथी: एकटे जा

मत्तय १८:१५ ते १७ मध्ये क्रम दिलाय. आधी तू आणि तो, दोघंच. ऐकलं नाही तर एक-दोघांना बरोबर घे. त्यानंतरच मंडळी. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा चालतो. आधी मंडळीला कळतं, मग एक-दोघं समजवायला जातात, आणि ज्याचं आहे त्याला शेवटी समजतं.

यातली सगळ्यांत नाजूक जागा म्हणजे "प्रार्थनेचा विषय". घरगुती प्रार्थनासभेत कुणीतरी आवाज खाली करून म्हणतं, "अमक्या बहिणीसाठी प्रार्थना करा हं, घरात जरा बरं चाललेलं नाही." झालं. प्रार्थना दोन मिनिटं, चर्चा चहा संपेपर्यंत. नियम साधा ठेवा: त्या बहिणीनं स्वतः सांगायला सांगितलं नसेल, तर तिचं नाव फक्त तुमच्या खोलीतल्या प्रार्थनेत. व्हॉट्सॲपच्या मंडळीच्या ग्रुपवर तर नावाशिवायही नको, कारण नाव नसलेला माणूस इथं पाच मिनिटांत ओळखला जातो. आणि ग्रुपवर नेमकं कुणाला तरी लागेल असं वचन टाकणं, हा त्याचाच भित्रा भाऊ.

कुठं भेटायचं? रविवारी आवारात नको, तिथं चार डोळे असतात. मला रंकाळ्यावरची संध्याकाळची फेरी बरी वाटते. शेजारी शेजारी चालताना अवघड वाक्य बोलणं आणि ऐकणं दोन्ही सोपं जातं, मध्येच गप्प राहिलं तरी चालतं. बाईमाणसाशी बोलायचं असेल तर पुरुषानं एकट्यानं जाऊ नये. घरातल्या वहिनींना किंवा महिला मंडळातल्या जाणत्या मावशींना जाऊ द्यावं. यात जुनाटपणा वाटला तर वाटू द्या, अफवा त्याहून जुनी आहे.

जाहीर बोलायचं कधी? त्याचंही उदाहरण आहे. अंत्युखियात पेत्र अन्यजातीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता. यरुशलेमहून काही माणसं आली, तसा तो पंगतीतून बाजूला झाला, आणि त्याचं पाहून बर्णबासुद्धा सरला. पौल त्याला सगळ्यांदेखत बोलला (गलतीकरांस २). कारण घाव सगळ्यांदेखत बसला होता. कोण कोणाबरोबर जेवायला बसतो, यातच सुवार्ता मोडत होती. दुसरीकडे अपुल्लो हा चांगला वक्ता, सभास्थानात धीटपणे बोलायचा, पण त्याचं ज्ञान योहानाच्या बाप्तिस्म्यापर्यंतच थांबलेलं. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी त्याला आपल्याकडं नेऊन नीट समजावलं. त्याच्या नुसत्या अपुऱ्या माहितीसाठी त्यांनी भर सभेत हात वर केला नाही. दोन्हीतला फरक लक्षात राहिला की बरेच तंटे वाचतात.

पायरी पाचवी: शब्द

श्रीमंत तरुण येशूकडे आला, आज्ञा लहानपणापासून पाळल्या म्हणाला. मार्कानं लिहिलंय, की येशूनं त्याच्याकडे न्याहाळून पाहिलं आणि त्याला त्याच्यावर प्रीती वाटली. मग सांगितलं, तुझ्यात एका गोष्टीची उणीव आहे. एका गोष्टीची. आपण जातो तेव्हा यादी घेऊन जातो: २०१९चं लग्न, परवाची सभा, सासूचं बोलणं, सगळं एकदम. एका भेटीत एकच.

आता व्यवहारातलं. नाताळात कॅरल गात घरोघर फिरून जमलेल्या पैशांचा हिशोब संघाच्या खजिनदारानं अजून दिलेला नाही. असं म्हणता येईल:

"कॅरलच्या पैशांचा हिशोब अजून आला नाही, म्हणून मी आलोय. मला जरा काळजी वाटायला लागलीय. काही अडचण झालीय का? झाली असली तर सांग की. आपण दोघं बसून लिहून काढू, आणि पुढच्या सभेत तूच मांड."

यात गोष्ट नाव घेऊन सांगितलीय, मात्र चोर ठरवलेलं नाही, आणि परत यायची वाट ठेवलीय. आता दुसरी तऱ्हा: "राग मानू नकोस, पण लोक काय काय बोलायलेत माहितेय का तुला?" हे लोक कोण? बोलणारा स्वतः लोकांच्या मागं लपलाय. काही वाक्यं तर तोंडातून काढूच नयेत. "तू नेहमी असंच करतोस" म्हटलं की समोरचा नेहमीतला एक अपवाद शोधतो आणि मुद्दा गेला. "मी प्रेमानंच सांगतोय" हे सांगावं लागत असेल तर प्रेम दिसत नसणार. आणि "प्रभूनं मला तुझ्याबद्दल दाखवलं" हे नव्या माणसानं तर मुळीच म्हणू नये. त्यावर समोरच्याला उत्तरच देता येत नाही, आणि तुम्ही चुकला असाल तर प्रभूचं नाव गोवलं जातं.

वयाचं भान हवं. पौल तीमथ्याला लिहितो, वडील माणसाला टाकून बोलू नको, बापासारखं मानून बोध कर. तरुणांना भावांसारखं, वडील स्त्रियांना आयांसारखं, तरुण स्त्रियांना बहिणींसारखं. आपल्याला हे सोपं जायला हवं, आपण तसंही सगळ्यांना काका-मावशी म्हणतोच. पंचवीस वर्षांच्या पोरानं सत्तरीच्या वडील माणसाला "तुमचं चुकलं" म्हणणं आणि "काका, मला एक कळेना झालंय, जरा समजावता का?" म्हणून तोच प्रश्न समोर ठेवणं यात फरक आहे, आणि दुसऱ्यात घाबरटपणा नाही. नाथान दावीद राजाकडे गेला तेव्हा त्यानंही आधी गरिबाच्या एकुलत्या कोकराची गोष्ट सांगितली. राजाचा राग पेटू दिला, निकाल त्याच्याच तोंडून घेतला आणि मगच म्हणाला, तो मनुष्य तूच आहेस. दुसऱ्याची बायको घेऊन तिच्या नवऱ्याला, उरीयाला, मारवून बसलेल्या माणसासमोर हे बोलायला छाती लागते. गोष्ट सांगितल्यामुळे सत्य कमी धारदार झालं नाही.

गुऱ्हाळात उकळता रस साफ करायला भेंडीचं पाणी घालतात, मळी वर येते, ती झाऱ्यानं काढून घेतात. मळी काढायची म्हणून काहील कुणी उपडी करत नाही. करवीर तालुक्यातल्या माणसाला याहून जास्त सांगायची गरज नाही.

पायरी सहावी: बोलून झाल्यावरचा आठवडा

माझ्या मते सगळा भार या पायरीवर आहे, आणि जवळजवळ कुणी ही चढत नाही. बोलून आलो, कर्तव्य झालं, आता त्याचं तो बघेल. नाही. ज्या माणसाला तुम्ही पुढच्या आठवड्यात भेटणार नाही, त्याला त्याची चूक सांगायचा तुम्हाला फारसा हक्क नाही.

नाथानाचंच पुढं वाचा. २ शमुवेलच्या त्याच बाराव्या अध्यायात, त्या बाईपासून झालेलं पहिलं मूल गेल्यावर आणि शलमोन जन्मल्यावर, परमेश्वर नाथानाच्याच हाती निरोप पाठवतो, की हे लेकरू मला प्रिय आहे. त्याला यदीद्या असं नाव मिळतं. ज्यानं तोंडावर पाप सांगितलं, त्याच्याच तोंडून ही गोड बातमी आली. पुढं दावीद म्हातारा होऊन अंथरुणाला खिळला, तेव्हाही नाथान राजवाड्यात येतो-जातो आहे (१ राजे १). इतकी वर्षं तो तिथंच होता.

करिंथच्या मंडळीत एकाला शिक्षा झाली होती. दुसऱ्या पत्रात पौल घाईनं सांगतो, आता पुरे, त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. तुमची प्रीती त्याला पुन्हा दिसू द्या. म्हणजे शिस्त लावणाऱ्याच्या अंगावर हे दुसरं कामही येतं.

करायचं काय? त्याच आठवड्यात फोन करा, आणि त्या विषयावर बोलू नका. मुलाची परीक्षा कशी झाली विचारा. नेहमीसारखं जेवायला बोलवा. पांढरा-तांबडा रस्सा असला तर बरंच. रविवारी त्याच्या शेजारच्या बाकावर बसा, हे तो पाहील आणि बाकीचेही पाहतील. त्यानं तोंड फिरवलं तर फिरवू द्या, तुम्ही "जय ख्रिस्त" म्हणायचं सोडू नका. काही जण वर्षभर बोलत नाहीत. त्या वर्षात तुम्ही कसे वागता, त्यावरून तो ठरवतो, की ती भेट प्रीतीची होती की हिशोब चुकता करायची.

घरात, जिथं तुम्ही एकटे आहात

पहिल्या पिढीच्या विश्वासणाऱ्याचा पहिला पेपर मंडळीत नसतो, स्वयंपाकघरात असतो. आई माघात दर रविवारी ज्योतिबाचे खेटे घालते, तुमची उपासनाही रविवारी. नवरात्रात घट बसतात. प्रसाद पुढं येतो.

करिंथकरांना नेमका हाच प्रश्न पडला होता, मूर्तींना दाखवलेल्या नैवेद्याचा. पौल सुरुवातच करतो: ज्ञान फुगवते, प्रीती उन्नती करते. दहाव्या अध्यायात तो म्हणतो, कुणी जेवायला बोलावलं तर समोरचं विचारपूस न करता खा. पण हे नैवेद्याचं आहे असं कुणी सांगितलं, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका. आज विश्वासणारे यावर वेगवेगळे वागतात, तुमच्या पाळकसाहेबांशी बोलून ठरवा. एक मात्र करू नका: हसत हातात घ्यायचा आणि मागच्या दारी टाकायचा. त्यात सत्यही नाही आणि आईवरचं प्रेमही नाही. "आई, हा मी घेत नाही. रागावू नको. पण तुझ्या हातची पुरणपोळी आहे ना, ती वाढ," हे पहिल्या वर्षी जड जातं. दुसऱ्या वर्षी आई स्वतःच ताट वेगळं वाढते.

अंबाबाईबद्दल, ज्योतिबाबद्दल वेडंवाकडं बोलणं ही साक्ष नाही. इफिसात अर्तमी देवीवरून दंगल झाली, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यानं जमावाला सांगितलं, की या माणसांनी मंदिरं लुटलेली नाहीत आणि आपल्या देवीची निंदाही केलेली नाही (प्रेषितांची कृत्ये १९). पौल त्या शहरात दोनेक वर्षं शिकवत होता, तरी त्या अधिकाऱ्याला हे म्हणता आलं.

आणि बाप्तिस्म्याची तारीख घरच्यांना फेसबुकवरच्या फोटोतून कळू देऊ नका. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई सोबत नव्हत्या. त्यांना तो मोठा धक्का होता. काही वर्षं दोघं दूर राहिले. पुढं त्या परतल्या, स्वतःही बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांच्या आठवणींत राग आणि माया एकाच श्वासात येतात. सगळ्याच घरांना इतकी वर्षं मिळत नाहीत. आधी सांगा, रडू द्या, प्रश्न विचारू द्या, उत्तर नसेल तर नाही म्हणा.

जिथं या पायऱ्या लागू नाहीत

वरचं सगळं चुकलेल्या भावाबहिणीसाठी आहे. मार खाणाऱ्या बाईला "आधी एकटी जाऊन नवऱ्याशी बोल" असं मत्तय १८ दाखवून सांगणं हा त्या वचनाचा गैरवापर आहे. तिला सुरक्षित जागी न्या. महिलांसाठी १८१, तातडीनं पोलिस हवे असतील तर ११२. २००५चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा ख्रिस्ती घरालाही लागू आहे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, मग करणारा संडे स्कूलचा शिक्षक असो की नात्यातला, तर २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं गुन्हा आहे. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८. "चर्चची बदनामी होईल, आपसात मिटवू" असं म्हणणारा कितीही मोठ्या पदावर असला तरी त्याचं ऐकू नका. क्षमा करायची की नाही, कधी करायची, हे त्या लेकराचं आणि देवाचं आहे. तुमचं काम फोन उचलायचं.

आणि तुमच्याकडे कुणी आलं तर

येईल. नवे असलात तरी येईल, कदाचित अवघडल्या शब्दांत, चुकीच्या वेळी, अर्धीच माहिती घेऊन. पहिल्यांदा डोकं तापतंच. तेव्हा खुलासे सुरू करू नका, त्याच्या चुका काढू नका, आणि लगेच "होय, माझंच चुकलं" म्हणून विषयही मिटवू नका, कारण तेही पळणंच. "बस, चहा घे. तू आलास हे बरं केलंस. मी विचार करून सांगतो," एवढं पुरतं. मग खरंच विचार करा, शक्य तर त्याला ओळखत नसलेल्या एखाद्या शहाण्या माणसाशी बोला, आणि चार-आठ दिवसांत स्वतःहून त्याच्या घरी जाऊन सांगा, की यातलं अमुक मला पटलं आणि तमुक नाही.